तीन इंचांचा मासा आणि 'कोणतीही व्यक्ती'

रस्त्यासाठी शेत गेले, धरणात गाव बुडाले, कारखान्याच्या पाण्याने ओढा नासला, असा विषय घरात निघाला की कुणीतरी वडीलधारे हमखास म्हणतात, "सरकारशी भांडून कुणाचे भले झाले?" सरकारी खातेच कायदा मोडत असेल तर फिर्याद करायची कुणी आणि कुणाकडे, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक देशात आहे. अमेरिकेच्या संसदेने 1973 मध्ये त्याला एक उत्तर दिले. गंमत अशी की ते माणसांच्या हक्कांच्या कायद्यात नव्हते. नामशेष होत चाललेले प्राणी आणि वनस्पती यांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्यात होते.

28 डिसेंबर 1973 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी या कायद्यावर सही केली. कनिष्ठ सभागृहात शेवटचे मतदान 355 विरुद्ध 4 असे झाले होते. गरुड, अस्वल, देवमासा वाचवायला कोण विरोध करणार? या कायद्याच्या अकराव्या कलमात एक छोटे पोटकलम आहे. त्याचा मथितार्थ असा: कायद्याचा भंग होत असेल तर 'कोणतीही व्यक्ती' स्वतः दावा दाखल करू शकते, आणि तो दावा खाजगी माणसाविरुद्ध, कंपनीविरुद्ध, इतकेच काय अमेरिकेच्या सरकारविरुद्धही चालेल. यालाच तिकडे नागरिक-दावा म्हणतात. त्या वेळी या ओळीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. लक्ष वेधले ते एका माशाने.

टेनेसी राज्यात लिटल टेनेसी नावाची नदी आहे. तिच्यावर टेलिको हे धरण बांधायचे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने ठरवले होते. 1933 मध्ये स्थापन झालेले हे सरकारी महामंडळ आपल्याला अगदीच परके नाही. 1948 मध्ये आपल्याकडे दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभे राहिले ते याच नमुन्यावर. संसदेने टेलिकोला 1966 मध्ये पैसे मंजूर केले आणि पुढच्या वर्षी काम सुरू झाले. या धरणात वीज निर्माण करणारे एकही जनित्र बसवायचे नव्हते. पाणी कालव्याने शेजारच्या जुन्या धरणाकडे वळवून तिथली वीज थोडी वाढवायची, तळ्याकाठी उद्योग आणि नवे शहर वसवायचे, नौकाविहार सुरू करायचा, असा बेत होता. त्यासाठी सुमारे 38 हजार एकर जमीन घेतली गेली. पाण्याखाली जाणार होती ती त्यातली निम्म्याहूनही कमी. उरलेली विकासासाठी पुढे विकायची होती. तीनशेहून अधिक शेतकरी कुटुंबे उठणार होती. चेरोकी या मूळनिवासी लोकांची चोटा आणि टनासी ही जुनी गावे आणि त्यांच्या वाडवडिलांच्या कबरी याच खोऱ्यात होत्या. टेनेसी राज्याचे नाव ज्या गावावरून पडले ते टनासी हेच.

शेतकरी कोर्टात गेलेच नाहीत असे नाही. पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल नीट केला नाही या मुद्द्यावर त्यांनी 1972 मध्ये काम थांबवलेही होते. महामंडळाने अहवाल तयार केला, आणि 1973 मध्ये मनाई उठली. त्या कायद्यात फक्त अहवाल लिहिण्याची सक्ती होती. परिणाम वाईट आहेत असे त्यात लिहूनही काम पुढे नेता येत होते.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात टेनेसी विद्यापीठातील मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड एटनियर या नदीच्या उथळ, खळाळत्या पाण्यात उतरले होते. खडीच्या तळाशी त्यांना जेमतेम तीन इंचांचा, मातकट रंगाचा मासा सापडला. पाण्यातल्या बारीक गोगलगायी हे त्याचे खाणे, म्हणून नाव पडले स्नेल डार्टर. त्याला वाहते, स्वच्छ, थंड पाणी लागते. धरणाच्या साचलेल्या पाण्यात तो तगणार नव्हता, आणि त्या वेळी तो दुसरीकडे कुठे आढळलेला नव्हता.

वर्षभराने, 1974 मध्ये, त्याच विद्यापीठात कायदा शिकणारा हायरम हिल हा विद्यार्थी आपले प्राध्यापक झिग्मंट प्लेटर यांच्याकडे गेला. त्याचा प्रश्न साधा होता: हा मासा आणि नवा कायदा, एवढ्यावर सत्राअखेरचा निबंध होईल का? निबंध तर झालाच. जानेवारी 1975 मध्ये माशाला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घालावे असा अर्ज सरकारकडे गेला, त्याच वर्षाच्या अखेरीस मासा यादीत आला, आणि फेब्रुवारी 1976 मध्ये हिल, प्लेटर आणि त्यांच्या साथीदारांनी महामंडळाविरुद्ध दावा ठोकला. पैसा नव्हता. टी-शर्ट विकून, शेतकऱ्यांबरोबर जेवणावळी घालून वर्गणी जमवली गेली.

खालच्या कोर्टाचा निकाल वाचण्यासारखा आहे. न्यायाधीशांनी मान्य केले की धरण झाले तर माशाचे वसतिस्थान नष्ट होईल. तरीही मनाई हुकूम दिला नाही. काम जवळजवळ पुरे झाले आहे, इतका पैसा ओतला आहे, आता थांबवणे शहाणपणाचे नाही, असा त्यांचा विचार होता. अपिलाच्या कोर्टाने जानेवारी 1977 मध्ये तो फिरवला आणि काम थांबले. महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल 1978 मधील सुनावणीत खुद्द देशाचे ॲटर्नी जनरल ग्रिफिन बेल सरकारच्या बाजूने उभे राहिले. न्यायमूर्तींना दाखवायला त्यांनी बाटलीत घातलेला एक स्नेल डार्टर सोबत आणला होता. एवढ्याशा जिवासाठी दहा कोटी डॉलरहून अधिक खर्चाचे धरण अडवायचे का, हे न बोलता सांगायची ती युक्ती. समोर होते प्राध्यापक प्लेटर.

15 जून 1978 रोजी निकाल लागला. सहा विरुद्ध तीन. सरन्यायाधीश बर्गर यांनी लिहिले की कायद्याचे शब्द स्वच्छ आहेत. सरकारी खात्याने आपल्या कामामुळे संकटग्रस्त प्रजातीचे अस्तित्व धोक्यात येणार नाही याची खात्री करायची आहे, आणि त्यात 'काम जवळजवळ पुरे झाले असेल तर सूट' असे कुठेही लिहिलेले नाही. धरण मोठे की मासा मोठा, हे तोलणे न्यायालयाचे काम नव्हे. ते संसदेने आधीच तोलले आहे. संसद दरवर्षी धरणाला पैसे देत राहिली म्हणून तिने आपलाच कायदा गुपचूप रद्द केला असेही मानता येणार नाही. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींना हा अर्थ अतिरेकी वाटला. हा निकाल मासा जिंकला म्हणून प्रसिद्ध झाला. मला त्यातली खरी गोष्ट वेगळी वाटते: एका विद्यार्थ्याच्या सहीने आलेल्या दाव्यात सरकारला स्वतःच्याच कायद्याचे शब्द वाचून दाखवले गेले.

पण खोरे वाचले नाही.

निकालानंतर संसदेने कायदा दुरुस्त केला आणि मंत्रिपातळीवरच्या सदस्यांची एक समिती नेमली. एखादी प्रजाती नष्ट होऊ द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिला होता, म्हणून लोकांनी तिचे नाव ठेवले 'गॉड कमिटी'. नाव ऐकून आपल्यासारख्यांच्या भुवया उंचावतील, पण ते थट्टेनेच पडलेले होते. ही समिती धरणाला सूट देईल अशी सगळ्यांची अटकळ होती. 23 जानेवारी 1979 रोजी समितीने एकमताने सूट नाकारली, आणि तीही माशाकडे पाहून नव्हे. समितीतील अर्थतज्ज्ञ चार्ल्स शुल्ट्झ यांनी हिशेब मांडला: धरण 95 टक्के पूर्ण आहे, तरीही उरलेल्या खर्चाच्या तुलनेत त्याचा सगळा फायदा धरला तरी तो आतबट्ट्याचाच आहे. शेतकरी पंधरा वर्षे हेच सांगत होते. त्यांचे आकडे कुणी उघडून पाहिले नव्हते. माशामुळे ते उघडले गेले.

त्याच वर्षी जूनमध्ये, जवळजवळ रिकाम्या सभागृहात, खर्चाच्या एका मोठ्या विधेयकाला एक दुरुस्ती जोडली गेली. ती पूर्ण वाचूनही दाखवली नाही. मिनिटाच्या आत मंजूर. कोणताही कायदा आड आला तरी टेलिको पुरे करावे, असा तिचा अर्थ होता. सप्टेंबर 1979 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी विधेयकावर सही केली. नोव्हेंबरमध्ये शेवटच्या तीन घरमालकांना मार्शल बोलावून बाहेर काढले. त्यांत एक वयस्कर विधवा होती. घरे पाडली गेली आणि 29 नोव्हेंबरला दरवाजे बंद झाले. चेरोकींनीही कोर्टाचे दार ठोठावले होते. कबरी आणि पवित्र स्थळे पाण्याखाली जात आहेत, हा आमच्या धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा दावा फेटाळला गेला. तीन इंचांच्या माशासाठी जे कलम होते तसे वाडवडिलांच्या कबरींसाठी नव्हते, हे मनाला लागते.

मासा मात्र टिकला. काही मासे दुसऱ्या नदीत नेऊन सोडले होते, आणि 1980 मध्ये एटनियर यांनाच तो दुसऱ्या एका ओढ्यात सापडला. पुढे आणखी ठिकाणी आढळला. 1984 मध्ये त्याचा धोका एक पायरी कमी धरला गेला आणि 2022 मध्ये तो यादीतून बाहेर आला. 2025 मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी जनुकीय अभ्यासावरून म्हटले की ही स्वतंत्र प्रजाती नसून आधीच माहीत असलेल्या एका डार्टरचीच पूर्वेकडची वस्ती आहे. लगेच काहींनी 'बघा, सगळा बनाव होता' असा गलका केला. 1973 मध्ये जनुकांचा असा अभ्यास करण्याची साधनेच नव्हती, हे त्या गलक्यात कुणी बोलले नाही.

दावा कसा चालतो

ज्यांच्या घरात कायदा शिकणारी मुले-मुली आहेत त्यांनी हा भाग त्यांना जरूर वाचायला द्यावा. अशा दाव्यांचा अभ्यास करताना बहुतेक जण निकालपत्रापासून सुरुवात करतात. माझे मत विचाराल तर सुरुवात नोटिशीपासून करावी.

कायदा सांगतो की दावा दाखल करण्याआधी साठ दिवस लेखी नोटीस द्यायची. ती कायदा मोडणाऱ्याला द्यायची आणि संबंधित मंत्र्यालाही. हेतू सरळ आहे: चूक दुरुस्त करायला संधी मिळावी, आणि सरकारला स्वतः कारवाई करायची असेल तर तीही करता यावी. सरकार स्वतः तो खटला चालवत असेल तर नागरिकाचा दावा थांबतो. ही नोटीस म्हणजे टपालाचा सोपस्कार नव्हे. ॲरिझोनातील एका संस्थेने कोलोरॅडो नदीवरच्या धरणांबाबत केंद्राच्या जलखात्याला नोटिसा दिल्या होत्या. खरी तक्रार होती लेक मीड या जलाशयातील पाणी वाढल्याने एका छोट्या पक्ष्याची घरटी बुडण्याची. नोटिशीत लेक मीडच्या त्या पक्ष्यांचा उल्लेखच नव्हता. 1998 मध्ये अपिलाच्या कोर्टाने दावा त्याच कारणावरून बाद ठरवला. पक्ष्याची बाजू खरी की खोटी, तिथपर्यंत कोर्ट पोचलेच नाही.

दुसरी गोष्ट, या दाव्यातून पैसा मिळत नाही. नुकसानभरपाई नाही, दंडाची रक्कमही नाही. मिळतो तो मनाई हुकूम, किंवा 'अमुक तारखेपर्यंत निर्णय घ्या' असा आदेश. मात्र कोर्टाला योग्य वाटले तर वकिलाची फी आणि खर्च समोरच्या पक्षाकडून देववता येतो. ही तरतूद नसती तर 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द पुस्तकातच राहिले असते. वकिलाची फी काय असते हे ज्याने एकदा भरली आहे त्याला सांगायला नको.

तिसरी अट सर्वांत अवघड: या भंगामुळे तुमचे स्वतःचे काय बिघडले? 1992 चा डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ या संस्थेचा खटला इथे वाचावाच लागतो. अमेरिकेच्या पैशाने परदेशात होणाऱ्या प्रकल्पांनाही हा कायदा लागू करावा, अशी संस्थेची मागणी होती. तिच्या दोन सदस्य महिलांनी प्रतिज्ञापत्रे दिली. एक म्हणाली, मी इजिप्तला जाऊन आले आहे, नाईलच्या मगरी पाहायला पुन्हा जाणार आहे. दुसरी श्रीलंकेत महावेली प्रकल्पाच्या भागात गेली होती, हत्ती आणि बिबटे पाहायला परत जायची तिची इच्छा होती. कधी जाणार, असे विचारल्यावर तिला तारीख सांगता आली नाही. श्रीलंकेत तेव्हा यादवी चालू होती. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिले की 'कधीतरी जाईन' एवढ्याने दाव्याचा अधिकार मिळत नाही. निकालाशी सहमत असलेल्या न्यायमूर्ती केनेडी यांनीही कबूल केले की विमानाचे तिकीट काढा असे सांगणे क्षुल्लक वाटेल. तेव्हापासून वकील आपल्या पक्षकाराला तपशील विचारतात: त्या नदीवर किती वेळा जाता, शेवटचे कधी गेला होता, पुढची खेप कोणत्या महिन्यात? जवळ राहणाऱ्या, रोज नदीकाठी फिरणाऱ्या माणसाची साक्ष दूरच्या मोठ्या तज्ज्ञापेक्षा इथे वजनदार ठरते.

हवाई बेटांवरच्या एका खटल्याचे तर नावच पालिला या पक्ष्यावरून पडले. पहिला वादी म्हणून कागदावर पक्षी, आणि त्याच्यासोबत संस्था व माणसे. मौना किया पर्वतावर शिकाऱ्यांसाठी राज्य सरकारने राखलेल्या रानमेंढ्या आणि बकऱ्या ममाने नावाच्या झाडाची रोपे खाऊन टाकत होत्या, आणि पालिला त्याच झाडाच्या बियांवर जगतो. 1979 मध्ये कोर्टाने जनावरे हटवायचा हुकूम दिला.

हक्क दोन्हीकडचा

'कोणतीही व्यक्ती' म्हणजे फक्त पक्षिप्रेमी नव्हे, हे 1997 मध्ये स्पष्ट झाले. ओरेगॉन राज्यातील पशुपालक आणि पाटबंधारे संस्था यांनी याच कलमाखाली दावा केला. तळ्यातील दोन माशांसाठी पाण्याची पातळी राखायला सांगितल्याने आमचे सिंचनाचे पाणी तुटते, आणि सरकारचा शास्त्रीय आधार कच्चा आहे, अशी त्यांची तक्रार होती. त्यांना दावा करण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले. न्याय म्हणून हे बरोबरच झाले. ज्याच्या पोटावर पाय येतो त्यालाही सरकारचा हिशेब तपासून मागता आला पाहिजे.

या दाव्यांवर टीकाही मोठी आहे. अर्ज आल्यावर प्राथमिक मत नव्वद दिवसांत आणि पुढचा निष्कर्ष बारा महिन्यांत द्यायचा असे कायदा सांगतो. खात्याला ते जमत नाही, मग मुदत चुकली म्हणून दावा होतो. अधिकारी म्हणतात, आमचा वेळ आणि पैसा कोणती प्रजाती निकडीची आहे यापेक्षा कोर्टाची तारीख कोणती आहे यावर जातो. 2011 मध्ये दोन संस्थांशी झालेल्या तडजोडीत सरकारने वर्षानुवर्षे रांगेत असलेल्या अडीचशेहून अधिक प्रजातींचा निकाल ठरल्या मुदतीत लावायचे मान्य केले. संस्थांचे म्हणणे, दावा झाला नसता तर त्या आणखी किती वर्षे रांगेतच राहिल्या असत्या?

मग नागरिक खरोखर बिनमहत्त्वाच्या जिवांसाठी कोर्टात जातात का? याचे उत्तर मतांवर सोडू नये. बेरी ब्रोसी आणि एरिक बायबर या संशोधकांनी 2012 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अभ्यास छापला. नागरिकांच्या अर्जांमुळे किंवा दाव्यांमुळे यादीत आलेल्या प्रजाती आणि खात्याने स्वतःहून निवडलेल्या प्रजाती, यांची त्यांनी तुलना केली. नागरिकांनी पुढे आणलेल्या प्रजातींना असलेला धोका सरासरीने अधिक होता, आणि विकासकामांशी त्यांचा संघर्षही अधिक होता. म्हणजे जिथे खात्यावर दडपण येते, नेमकी तिथली प्रकरणे नागरिक घेऊन येतात.

आपल्या कायद्यात

आपला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, म्हणजे अमेरिकेच्या कायद्याहून एक वर्ष मोठा. सुरुवातीला त्याखालची तक्रार सरकारी अधिकारीच कोर्टात करू शकत. 1991 च्या दुरुस्तीने कलम 55 मध्ये 'कोणतीही व्यक्ती' आली, तीही साठ दिवसांची नोटीस देऊन. आकडासुद्धा तोच. पण एक फरक नीट ध्यानात घ्यावा. अमेरिकेतला दावा दिवाणी आहे, आणि होऊ घातलेले काम थांबवण्यासाठी आहे. आपल्या कलमातली तक्रार फौजदारी आहे, घडलेल्या गुन्ह्याची. धरण, रस्ता किंवा वीजवाहिनी थांबवायची असेल तर आपल्याकडचा माणूस जनहित याचिका घेऊन उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जातो.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एके काळी दिसणारा माळढोक आता तिथून जवळजवळ गेलाच आहे. राजस्थान आणि गुजरातमध्ये उरलेल्या माळढोकांसाठी माजी सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह आणि इतरांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. हा जड पक्षी उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. एप्रिल 2021 मध्ये न्यायालयाने माळढोकांच्या भागातील तारा, शक्य तिथे, जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सौरऊर्जेचे मोठे प्रकल्प त्याच वाळवंटात उभे राहत असल्याने सरकार परत न्यायालयात आले. 21 मार्च 2024 च्या निकालात सरसकट आदेश मागे घेऊन, कोणत्या तारा कुठे जमिनीखाली न्यायच्या हे पाहायला तज्ज्ञांची समिती नेमली गेली. धरण की मासा, हे तोलणे आपले काम नाही असे अमेरिकेच्या न्यायालयाने 1978 मध्ये म्हटले होते. आपल्या न्यायालयाने तराजू हातात घेतला. यातला कोणता मार्ग बरा, यावर घरातल्या विद्यार्थ्यांशी वाद घालून पाहावा.

आणि ज्याला कलम 55 वापरायचे आहे त्याच्यासाठी: नोटीस साध्या चिठ्ठीसारखी चालत नाही, तिची रीत नियमांत ठरवून दिलेली आहे. गुन्हा कोणता, कुठे, केव्हा, कोणत्या प्राण्याबाबत, हे तिच्यात असावे, सोबत पुरावा जोडावा, आणि पोच सांभाळून ठेवावी. साठ दिवस त्या पोचेच्या आधारावरच मोजून दाखवावे लागतात.